गुलाबी मिना असलेली चिनी थाळी: तळाच्या शिक्क्यावर विश्वास ठेवावा का?

प्रश्नकर्ती: आजेसासूबाईंकडून आमच्याकडे आलेल्या चिनी मातीच्या थाळीवर गुलाबी पिओनीची फुले असून तळाशी निळ्या रंगातली सहा अक्षरे आहेत. चिनी शिकणाऱ्या एका मैत्रिणीने ती 'महान मिंग, छंगहुआ काळात निर्मित' अशी वाचली. छंगहुआ सम्राटाचा काळ १४६५ ते १४८७ असल्याने ही थाळी खरोखर पाचशे वर्षांची असू शकेल का?

मृण्मय: नाही, आणि त्याचे उत्तर फुलांच्या रंगातच आहे. हा गुलाबी रंग काचेत विखुरलेल्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो आणि चिनी मिन्यात, म्हणजे भांड्यावर भाजून बसवलेल्या काचेच्या रंगात, तो साधारण १७२० च्या सुमारास, मिंगनंतरच्या छिंग राजवटीत आला. छंगहुआ काळातल्या कारागिरांनी झिलईखाली (भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थराखाली) निळ्या रेषा काढून वर लाल, हिरवा, पिवळा असे रंग भरले; सोन्याचा गुलाबी त्यांच्याकडे नव्हता. पुढच्या काळात जुन्या सम्राटांचे शिक्के आदरापोटीही घातले जात, त्यामुळे शिक्का दिसला की लगेच फसवणूक समजू नये.

भट्टीकाठ: मृण्मय यांच्याशी सहमत आहे. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चीनमधल्या जिंगदेजेन शहरात भांडे आधी सुमारे १३०० अंशांवर भाजले जाई, मग शिसेयुक्त काचेची रंगीत पूड पाण्यात वा डिंकात कालवून तिने चित्र काढून ते सातशे-आठशे अंशांवर पुन्हा भाजले जाई. म्हणून मिना झिलईच्या वर बसतो. पाकळीच्या कडेवरून बोट अलगद फिरवून पाहा: पांढऱ्या आर्सेनिकयुक्त मिन्यात मिसळलेला गुलाबी रंग अपारदर्शक आणि किंचित उठावाचा लागेल, तर त्याआधीच्या, छिंग सम्राट कांगशीच्या काळातला हिरवा रंग काचेसारखा पारदर्शक दिसतो. काही जुन्या भांड्यांवर रंगाभोवती इंद्रधनुषी पुसट वलय असते, पण केवळ त्यावरून वय ठरवणे मला धोक्याचे वाटते.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. बोटाला पाकळ्या खरोखरच उंच लागल्या! थाळी धुतली तर चालेल का?

मृण्मय: कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे, सोडा, घासणी किंवा भांडी धुण्याचे यंत्र अजिबात नको. माझ्याकडच्या एका वाटीची सोनेरी कड मीच सोड्याने घासून घालवली आहे, तेव्हा हे कळकळीने सांगतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा संग्रहातील चिनी पोर्सिलीन आहे; तिथे वेगवेगळ्या काळांतले मिन्याचे रंग शेजारीशेजारी पाहिले की आपली थाळी कोणत्या काळाला जवळची आहे, याचा अंदाज येऊ लागेल.