बाबांचे केस लाल, मुलीला टॅनिंगचा हट्ट: जनुकचाचणी करावी का?

यारा_काठ
मुलगी १६ वर्षांची, मेलबर्नलाच वाढलेली. मी मराठी, तिचे बाबा आयरिश वंशाचे, लाल केसांचे. तिचे केस तपकिरी. उन्हात आधी लाल होते, मग जरा काळवंडते. समुद्रावर पडून टॅन व्हायचा हट्ट चाललाय. घरी लाळ घेऊन करायच्या चाचणीतून मेलॅनोमाचा (त्वचेच्या घातक कर्करोगाचा) धोका कळतो म्हणतात. करावी का? दोन्हीकडे कुणाला मेलॅनोमा झालेला नाही.

पेशीविज्ञान
एमसी१आर या केसांचा-त्वचेचा रंग ठरवणाऱ्या जनुकापुरतं उत्तर चाचणीशिवायच मिळतंय. लाल केसांसाठी सहसा या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या लागतात, म्हणजे बाबांकडून एक तिच्याकडे आलीच आहे असं धरून चाला. तुमच्याकडून दुसरी येण्याची शक्यता फार कमी. आर१५१सी, आर१६०डब्ल्यू, डी२९४एच हे या जनुकातले लाल केसांशी जोडलेले बदल भारतीयांत क्वचितच सापडतात. पण एकाच प्रतीनेही धोका वाढतो, केस लाल नसले तरी. तपकिरी केस बघून लोक इथेच निर्धास्त होतात.

आता टॅनचं. अतिनील किरणांनी त्वचेतल्या डीएनएला इजा झाली की पी५३ हे पेशीचं रक्षण करणारं प्रथिन कामाला लागतं, त्यातून अल्फा-एमएसएच हे संप्रेरक सुटतं, ते रंगपेशींवरच्या एमसी१आरला (याच जनुकापासून बनणारा, संदेश झेलणारा ग्राहक-रेणू) चिकटतं आणि युमेलॅनिन हे तपकिरी रंगद्रव्य बनतं. हा ग्राहक-रेणू अधू असला तर लालसर फिओमेलॅनिन जास्त बनतं, ते ऊन नीट अडवत नाही. म्हणजे रंग चढायच्या आधीच इजा झालेली असते. ‘आधी थोडं टॅन करून ठेवू, मग भाजणार नाही’ हे तिला अजिबात पटू देऊ नका. त्या रंगाचं संरक्षण जेमतेम एसपीएफ (सनस्क्रीनवरचा ऊन अडवण्याचा आकडा) ३-४ इतकंच.

जनुक_समुपदेशन
घरच्या चाचणीवर पैसे घालवू नका. त्यातला अनेक जनुकांची बेरीज करून काढलेला धोक्याचा गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेला असतो. मिश्र वंशाच्या मुलीला तो नीट लागू पडत नाही. सीडीकेएन२ए हे खरं जोखमीचं जनुक, पण त्याची तपासणी घरात तीन-चार जणांना मेलॅनोमा, किंवा मेलॅनोमासोबत स्वादुपिंडाचा कर्करोग असेल तेव्हा करतात, तीही समुपदेशकामार्फत. घरच्या चाचणीत डीएनए-चिपवर वाचलेले दुर्मीळ बदल पुष्कळदा चुकीचे निघतात. आणि ‘धोका कमी’ असा कागद १६ वर्षांच्या मुलीच्या हाती पडला की टोपी खुंटीलाच राहणार, मला खरी काळजी त्याची वाटते.

त्वचा_ओपीडी
तीळ मोजा. अंगभर शंभराच्या वर असतील तर तो धोक्याचा फार मोठा संकेत आहे, आणि मोजायला खर्च नाही.

यूव्ही निर्देशांक (अतिनील किरणांची तीव्रता) ३ किंवा जास्त असेल त्या दिवशी झाकणारे कपडे, रुंद काठाची टोपी, सावली. ढग आहेत, हवा गार आहे म्हणून सोडू नका; निर्देशांकाचा तापमानाशी संबंध नाही. सनस्क्रीन बाहेर पडायच्या २० मिनिटं आधी: चेहरा-मान-कान मिळून एक चमचा, प्रत्येक हातापायाला एक-एक, छाती-पोटाला एक, पाठीला एक. सात छोटे चमचे, म्हणजे साधारण ३५ मिली. दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा. बहुतेक जण याच्या निम्मंच लावतात, मग बाटलीवरचा एसपीएफ ५० चा आकडा कातडीवर उतरत नाही.

एमसी१आरच्या बदलात मेलॅनोमा काळाच असेल असं नाही. गुलाबी, टणक, वर आलेली आणि महिनाभर वाढतच राहिलेली गाठ दिसली तर पुटकुळी समजून थांबू नका. तळपाय आणि नखंही बघा. नखात नवी काळी रेघ आली आणि रंग नखाबाहेर कातडीवर पसरला, तर लगेच दाखवा.

यारा_काठ
आभार. चाचणी नको, ठरलं. बाटलीतला टॅन, म्हणजे उन्हाशिवाय रंग चढवणारं लोशन, चालेल का?

त्वचा_ओपीडी
चालेल. त्यातलं डीएचए हे रसायन वरच्या मृत थरातल्या अमिनो आम्लांशी संयोग होऊन रंग देतं, आठवडाभरात उतरतं. पण त्याने ऊन अडत नाही, सात चमचे तसेच लावायचे. फवारा असेल तर डोळे-नाक झाका; लोशन बरं.