मदत हवी आहे : पद्मिनीचा मागचा पत्रा घडवताना कोपऱ्यात चुण्या पडतात

मंडळी, गाडी प्रीमियर पद्मिनी, मुक्काम जळगाव. डिकीच्या झाकणाखालचा, दोन्ही टेललाइटांमधला पत्रा सडलाय. बोट लावलं की गंजाचे पापुद्रे हातात येतात. बाकी बॉडी ठणठणीत आहे, म्हणून हे काम नीटच व्हायला हवं. भंगारातून आणलेला पत्राही नेमका तिथेच सडका निघाला.

पुठ्ठ्याचा फर्मा काढून डेंटरकडून २० गेजच्या सीआरसी (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्याचा तुकडा घडवला. मधला भाग छान बसतो. पण कोपऱ्याच्या वळणावर कड आत दुमडली की जादा पत्रा गोळा होतो, चुण्या पडतात आणि वरची गोलाई चपटी होते. एमआयडीसीतल्या प्रेसवर फक्त सरळ घडी मिळते. मिग वेल्डिंगची (विजेवरचं, तारेचं) सोय आहे. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा लाटा घेतो, म्हणून ते टाळतोय. फायबर नको, पुट्टी थापून झाकणंही नको.

आता बाभळीच्या लाकडाचा साचा करून त्यावर पत्रा ठोकणार आहे. ज्यांनी हे हातांनी केलंय त्यांनी सांगा : आधी गोलाई काढायची की आधी कड दुमडायची? आणि चुण्यांतला जादा पत्रा तापवून आटवायचा, की खाच कापून वेल्ड मारायचा?