'ऑत्यर'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका: नागपुरात धरमपेठेतल्या एका चित्रपट मंडळाचं पत्रक मराठीत करतेय. 'ऑत्यर'पाशी अडलेय, म्हणजे चित्रपटावर स्वतःची छाप सोडणाऱ्या दिग्दर्शकासाठीचा फ्रेंच शब्द. 'लेखक' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी समासात विचारलं, "पटकथाही त्यांचीच का?" दिग्दर्शक हिचकॉकच्या बहुतेक पटकथा इतरांनी लिहिल्या, तरी दोन-चार दृश्यांत चित्रपट त्याचा म्हणून ओळखू येतो. हे एका शब्दात कसं सांगू?

बर्डीकर: 'लेखक' नकोच. फ्रेंच समीक्षक (पुढे दिग्दर्शक) त्रुफोने १९५४ मध्ये 'काहिए दु सिनेमा' या मासिकात लिहिलेला गाजलेला लेख पटकथाकारांच्या वर्चस्वाविरुद्धच होता. अर्थ पार उलटा होतो. 'कर्ता' घ्या, ग्रंथकर्ता आहेच की.

रेशीमबागवाली: कर्ता म्हटलं की घरचा कर्ता पुरुष डोळ्यांपुढे येतो हो. 'शैलीकार'?

बर्डीकर: शैलीकारात नुसती सजावट येते. माणसाची नजर कुठे आली?

जुना वाचक: 'ऑत्यर'च ठेवा. कॅमेऱ्याला कोण छायायंत्र म्हणतं?

बर्डीकर: आणि 'दिग्दर्शक'? तो सावरकरांनी दिला, रुळला. आपण घडवायचंच सोडलं तर रुळणार काय?

महालवाला: सावजीत, म्हणजे आपल्या झणझणीत जेवणाच्या खानावळीत, जेवताना आपण विचारतो ना, "हात कोणाचा आहे?" तिखट सगळीकडेच असते, हात वेगळा. माझ्या मते 'हात' किंवा 'वळण'. माझे वडील सिनेमाचे फलक रंगवत. खाली सही नसे. पण मराठी चित्रपट असला की 'ळ'चा दुसरा गोळा ते पहिल्यापेक्षा मोठा काढत, शेपटी जराशी आत वळवत. रस्त्यापलीकडून दुसरे रंगारी सांगत, "हे भाऊंचं वळण." चित्र निर्मात्याचं, मजकूर त्यांनीच दिलेला, वळण मात्र वडिलांचं. तुम्हाला हेच म्हणायचंय ना, ताई?

अनुवादिका: अगदी हेच! पण वळण ही गोष्ट झाली, मला माणसासाठी शब्द हवाय. 'वळणकार' म्हटलं तर घाटरस्ता बांधणारा वाटेल. सोमवारी पत्रक छापायला जातंय.

जुना वाचक: माझी आजी 'वळण'ला 'वयन' म्हणायची. डोळ्याला डोया, काळ्याला काया. वऱ्हाडीत 'ळ' आहेच कुठे?

महालवाला: बोलण्यात नसेल, पाटीवर होता. वडीलही घरी 'फया'च म्हणत आणि 'फळा' लिहीत.

बर्डीकर: मग लिहावं तसं बोलायला शिकवायला हवं होतं.

रेशीमबागवाली: का म्हणून? 'डोया' म्हणणाऱ्याला कमी दिसतं का?