कोर्टातल्या टेबलामागचे दिवस: तुमचेही अनुभव लिहा

कळवेकर
काल लेकीच्या दाखल्यासाठी कोर्ट नाक्याला गेले होते. झेरॉक्सच्या दुकानात एक बाई पिशवीतून कागद काढत होत्या. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, वरून रबर लावलेलं. मला एकदम वाडा तालुक्यातल्या आजी आठवल्या.

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका कोर्टात नऊ वर्षं कनिष्ठ लिपिक होते. २०११ साली अपघात दाव्यांचं टेबल माझ्याकडे होतं. पालघर जिल्हा तेव्हा व्हायचा होता, वाडा ठाण्यातच होता. आजींचा मुलगा ट्रकखाली गेलेला. पहाटेची एसटी पकडून त्या बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसची यादी, लागायच्या आधी दारात बसलेल्या असायच्या. एका तारखेला त्यांची फाइलच सापडेना. मीच ती दुसऱ्या तारखेच्या गठ्ठ्यात ठेवली होती. दीड महिन्याची मुदत पडली, आणि फाइल संध्याकाळी मिळाली. आजी जाताना म्हणाल्या, "बाय, तुला तरी किती कागद गं." रागावल्या असत्या तर सोसलं असतं. त्यानंतर उद्याच्या बोर्डाच्या फाइली हाताने मोजल्याशिवाय मी कधी घरी निघाले नाही.

बेलापूरवाली
लोकांना वाटतं लिपिक म्हणजे टायपिंग. अहो, आलेल्या प्रत्येक अर्जावर निशाणी म्हणजे क्रमांक टाकायचा, रोजनामा म्हणजे त्या तारखेला केसमध्ये काय झालं ते लिहायचं, पुढची तारीख चढवायची. निशाणी १ म्हणजे दावा. निशाणी ५ बहुतेक वेळा तात्पुरत्या मनाईचा अर्ज, म्हणून वकील नुसतं "पाचवर काय झालं?" विचारतात. रोजनाम्यात एक ओळ राहिली तर पुढे अपिलात नेमकी तीच शोधतात. कुकर झाला, बाकी नंतर.

ऐरोलीकर
आमचे बाबा बेलिफ होते. समन्स घेऊन उन्हातान्हात सायकलवर. लोक पाणी द्यायचे, कागद मात्र घ्यायचे नाहीत. मग दाराला डकवायचा. बाबांना त्याचं फार वाईट वाटायचं.

घणसोली_आई
विषय थोडा वेगळा आहे, माफ करा. सासऱ्यांच्या १९९४ च्या दाव्याच्या निकालाची नक्कल हवी आहे. नंबर माहीत नाही. मिळेल का?

बेलापूरवाली
पक्षकारांची नावं आणि साल घेऊन नक्कल विभागात जा ताई. हल्लीच्या केसला ओळखीसाठी सोळा अक्षरी सीएनआर नंबर असतो, आपल्या ठाण्याचा एमएचटीएचने सुरू होतो. तुमच्यासाठी रजिस्टर चाळून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या फाइलींचे गठ्ठे, सोडावे लागतील. वेळ लागतो, पण चिकाटी ठेवा.

घणसोली_आई
खूप आभार. सोमवारी जाते.

दुपारची_डबा_सुट्टी
मी सध्या फौजदारीच्या टेबलावर. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. खून आता कलम १०३, पण त्या तारखेआधीच्या गुन्ह्याला जुन्या कायद्याचं ३०२ च. एकाच बोर्डावर दोन्ही. प्रत्येक फाइलवर गुन्ह्याची तारीख पाहूनच पेन उचलते. साहेब आले, पळते.

ऐरोलीकर
कळवेकर, आजींचं पुढे काय झालं?

कळवेकर
दावा मंजूर झाला. माझं टेबल बदललं होतं, तरी विचारत विचारत आल्या. म्हणाल्या, वाचून दाखव. मी रक्कम दोनदा वाचली. त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, "माझ्या पोराचं नाव कुठं लिवलंय?" मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर नेलं.

बेलापूरवाली
डोळे भरून आले. रोजनाम्याचं राहिलंय, रात्री लिहिते.