शब्दचर्चा : तिमाही, वाढ, भर आणि पट

प्रश्न

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये इलेक्ट्रोकोअर नावाची कंपनी आहे. गॅमाकोअर हे तिचं उपकरण मानेच्या बाजूला धरायचं असतं. त्यातले विजेचे सौम्य स्पंद व्हेगस नावाच्या मज्जातंतूपर्यंत पोचतात. अर्धशिशी आणि क्लस्टर डोकेदुखी या दोन्हींवर ते वापरतात. अशा कंपन्यांचे तिमाही निकाल मी मराठीत आणते. माझं एक वाक्य असं झालं :

"डोकेदुखीच्या उपकरणांची निर्मिती करणाऱ्या या कंपनीच्या उत्पन्नात पहिल्या तिमाहीत वार्षिक आधारावर भरघोस वाढ झाली."

व्याकरणात काही चूक दिसत नाही, पण वाचताना समाधान होत नाही. नेमकं कुठे बिघडलंय? कृपया शब्दाशब्दाने सांगा.

प्रतिसाद

सुरुवात 'डोकेदुखीच्या उपकरणां'पासून करू. आपण खोकल्यावरचं औषध म्हणतो, तापावरची गोळी म्हणतो. इलाज सांगायचा असला की मराठीत 'वर' येतो. 'डोकेदुखीचं उपकरण' यातल्या 'चं'मधून ते दुखणं घालवतं की आणतं, हे कळत नाही. 'डोकेदुखीवरचं उपकरण' असं लिहिलं की काम झालं. 'ची निर्मिती करणारी'ऐवजी सरळ 'बनवणारी' लिहा.

'पहिली तिमाही' हा मोठा धोका आहे. आपल्याकडे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून मराठी वाचक पहिली तिमाही म्हटलं की एप्रिल ते जून समजतो. ही कंपनी हिशेब जानेवारी ते डिसेंबर असा मांडते. तिची पहिली तिमाही संपते तेव्हा आपली सुरूही झालेली नसते. म्हणून महिने लिहा : 'जानेवारी ते मार्च या तिमाहीत'. पाच शब्द होतात, पण कुणाची फसगत होत नाही.

'वार्षिक आधारावर' हे मला मुळीच पटत नाही. कशाचा आधार? सांगायचं एवढंच असतं की गेल्या वर्षीच्या याच तीन महिन्यांशी तुलना केली आहे. मग तेच म्हणावं : 'गेल्या वर्षीच्या याच तिमाहीपेक्षा'. आणि लगतच्या तिमाहीशी तुलना असेल तर 'आधीच्या तिमाहीपेक्षा'. या दोन तुलनांचे आकडे पुष्कळदा फार वेगळे निघतात, त्यामुळे कोणती तुलना आहे हे वाक्यातच दिसायला हवं.

प्रतिसाद

'उत्पन्न' या शब्दावर माझा ठाम आक्षेप आहे. घरात 'उत्पन्न वाढलं' म्हटलं की हातात चार पैसे जास्त आले असं आपण समजतो. इलेक्ट्रोकोअरची २०२३ आणि २०२४ साली विक्री जोरात वाढली, पण ही दोन्ही वर्षं ती तोट्यातच होती. 'उत्पन्न वाढलं' वाचून कुणी कंपनी फायद्यात आली असं धरून चाललं, तर दोष वाचकाचा नाही.

'महसूल' वर्तमानपत्रांत रुळलाय. माझ्या कानाला मात्र तो अजून सरकारी वाटतो. शेतसारा, महसूल खातं हेच डोळ्यांपुढे येतं. बाकी 'उलाढाल' चालेल. 'खप' चालणार नाही, कारण खप नगांचा असतो, डॉलरचा नसतो. किंमत वाढली की खप तेवढाच राहूनही रक्कम वाढते. इथे साधा 'विक्री' हाच शब्द हवा, आणि पहिल्या उल्लेखात 'विक्रीची रक्कम' म्हणावं.

जाता जाता : या कंपनीची बरीचशी विक्री अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेला होते. तिथे 'चॅनल'साठी 'वाहिनी' लिहिलेलं मी पाहिलं आहे. ते दूरचित्रवाणीसाठी राहू द्या. इथे 'विक्रीचा मार्ग' पुरे.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. 'वर'चा मुद्दा रोज बोलत असूनही लक्षात आला नव्हता. आता आकड्यांचं. वर्षभराची विक्री २०२२ साली ८६ लाख डॉलर, २०२३ साली १ कोटी ६० लाख आणि २०२४ साली २ कोटी ५२ लाख. म्हणजे २०२३ मध्ये सुमारे ८६ टक्के आणि २०२४ मध्ये सुमारे ५७ टक्के वाढ. यावर मी 'वाढ घटली' असं लिहिलं होतं. ते चूक म्हणायचं का?

प्रतिसाद

चूक नाही, पण वाचकाला भलतीकडे नेणारं आहे. याचं कारण 'वाढ' या शब्दातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मराठीत 'वाढ' दोन कामं करते. एक, किती जास्त झालं ती रक्कम. दोन, किती वेगाने जास्त झालं तो दर. तुमचेच आकडे घ्या. २०२३ मध्ये विक्रीत ७४ लाख डॉलर जास्त आले, २०२४ मध्ये ९२ लाख. रक्कम पाहिली तर वाढ मोठी झाली. दर पाहिला तर ८६ वरून ५७ वर आला, कारण ज्या पायावर टक्के काढले तो पायाच जवळपास दुप्पट झाला होता. एकच शब्द वापरून 'वाढ घटली' म्हटलं की वाचकाला विक्रीच खाली आल्यासारखं वाटतं.

यासाठी आपल्याकडे 'भर' हा सुरेख शब्द पडून आहे. रकमेला भर म्हणा, वेगाला वाढीचा दर म्हणा : 'विक्रीत ९२ लाख डॉलरची भर पडली, आदल्या वर्षीची भर ७४ लाखांची होती. वाढीचा दर मात्र सुमारे ८६ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर आला.' दोन्ही गोष्टी खऱ्या आणि दोन्ही कळतात.

दुसरं 'ने' आणि 'वर'चं. 'टक्क्यांनी' म्हणजे तेवढा फरक, 'टक्क्यांवर' म्हणजे तेवढ्यापाशी येऊन पोचणं. तुमच्या उदाहरणात तर ८६ हा आकडा एकदा लाख डॉलर म्हणून येतो आणि एकदा टक्के म्हणून. योगायोगच, पण एका वाक्यात दोन्ही आले तर घोटाळा अटळ आहे. ते दोन वाक्यांत वेगळे ठेवा.

आणि 'दुपटीने वाढली' टाळाच. कुणी त्याचा अर्थ दुप्पट झाली असा घेतं, तर कुणी मुळात दोन पट आणखी, म्हणजे तिप्पट. 'दुप्पट झाली' यात वादच उरत नाही. टक्क्यांपेक्षा पट जास्त बोलका असतो हेही पाहा. सवापट, दीडपट, पावणेदोनपट, अडीचपट असे तयार शब्द आपल्या तोंडात आहेत. २०२३ ची विक्री आदल्या वर्षीच्या पावणेदोनपटीहून थोडी जास्त, २०२४ ची दीडपटीहून थोडी जास्त, आणि २०२२ ते २०२४ मिळून जवळपास तिप्पट. हे कानावर पडताच आकार समजतो.

प्रतिसाद

आजाराच्या शब्दांबद्दल. 'अर्धशिशी' सोडू नका. अर्धं शीर दुखतं म्हणून अर्धशिशी. 'मायग्रेन'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही 'अर्धी कवटी'च. दोन भाषांनी त्या दुखण्याला एकाच जागी बोट ठेवून नाव दिलं.

'क्लस्टर'चं भाषांतर 'झुबका' किंवा 'गुच्छ' करू नये. इथे गुच्छ जागेचा नसून काळाचा आहे. एका डोळ्याभोवती असह्य ठणका लागतो, त्याच बाजूच्या डोळ्यातून पाणी येतं, आणि ही कळ १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकते. असं दिवसातून अनेकदा, काही आठवडे किंवा महिने रोज चालतं, आणि मग बराच काळ काहीच नाही. पहिल्या उल्लेखात 'ठरावीक काळात पुन्हापुन्हा उठणारी क्लस्टर डोकेदुखी' म्हणा, पुढे नुसतं 'क्लस्टर'.

'उठणारी' मुद्दाम लिहिलं. अर्धशिशीचा 'झटका' लिहितात, पण आपण बोलताना 'डोकं उठलं' म्हणतो. या उपकरणाच्या बातमीत तर 'झटका' नकोच. विजेवर चालणारं उपकरण आणि वर 'झटका' आला की वाचणाऱ्याला वाटेल मानेला शॉक देतात. प्रत्यक्षात जेल लावून ते दोन मिनिटं मानेला धरायचं असतं. वेदनेने हैराण झालेलं माणूस ही बातमी आशेने वाचत असतं, त्याला एका शब्दाने घाबरवू नये.

प्रश्नकर्ती

सगळं जमेल तसं घेऊन वाक्य पुन्हा लिहिलं :

"अर्धशिशी आणि क्लस्टर डोकेदुखीवरचं उपकरण बनवणाऱ्या इलेक्ट्रोकोअरची २०२४ ची विक्री २ कोटी ५२ लाख डॉलर झाली. २०२३ च्या ती दीडपटीहून थोडी जास्त आहे. विक्री वाढली तरी कंपनी अजून तोट्यात आहे."

शेवटचं वाक्य मूळ मजकुरात बरंच खाली होतं. ते मी वर आणलं. हे भाषांतरात बसतं का?

प्रतिसाद

बातमीत बसतं. कंपनीच्या निवेदनाचं शब्दशः भाषांतर मागितलं असेल तर वाक्याची जागा बदलू नका. तिथे 'उत्पन्न' न लिहिता 'विक्री' लिहिलंत तेवढंही पुरेल. आणि 'तोट्यात आहे'ऐवजी 'त्या वर्षीही तोट्यात होती' करा, आकडे २०२४ चे आहेत.