जनुक ‘चालू’ होते की ‘मोकळे’ होते?

मूळ प्रश्न

वनस्पतींच्या संप्रेरकांवर एक लेख लिहिते आहे आणि एका वाक्यापाशी दोन दिवस अडले आहे: ‘ऑक्झिनचा सिग्नल मिळाला की जनुक चालू होते.’ (ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक.) ‘चालू’ खटकते, पंखा चालू केल्यासारखे वाटते. ‘कार्यान्वित’ला सरकारी योजनेचा वास येतो. ‘जागृत’ आध्यात्मिक होते. ‘अभिव्यक्त’ पाठ्यपुस्तकात रूढ आहे, पण जनुक नेमके काय व्यक्त करते हे त्यातून नव्या वाचकाला कळत नाही. तुम्ही काय लिहाल? आणि सिग्नलला ‘संकेत’ म्हणावे की ‘संदेश’?

उत्तर

आधी पेशीत काय घडते ते पाहू, कारण घोटाळा क्रियापदातच आहे. ‘चालू करते’ म्हटले की ऑक्झिन जनुकापाशी जाऊन कळ दाबते असे चित्र उभे राहते. ऑक्झिन डीएनएला हातही लावत नाही.

ज्यांच्यामुळे जनुक वाचले जाते ती एआरएफ गटातली प्रथिने आधीच डीएनएवर आपल्या जागी बसलेली असतात. ऑक्स-आयएए नावाची प्रथिने त्यांना धरून ठेवतात, म्हणून जनुक गप्प असते. ऑक्झिन आले की ते टीआयआर१ या ग्राही, म्हणजे संप्रेरक टिपणाऱ्या, प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसते. टीआयआर१ हेच ऑक्झिनचे ग्राही आहे हे २००५ साली कळले. २००७ साली त्याची स्फटिकरचना, म्हणजे स्फटिकरूपातून उलगडलेली अणूंची मांडणी, समोर आली, तेव्हा ऑक्झिन तिथे डिंकाचे काम करते हे दिसले: खोबणीच्या तळाशी बसून ते टीआयआर१ आणि ऑक्स-आयएए यांना एकमेकांशी घट्ट सांधते. मग ऑक्स-आयएएवर यूबिक्विटिन या चिमुकल्या प्रथिनाच्या खुणा चढतात, आणि अशी खूण अंगावर असलेले प्रथिन प्रोटिअसोम या पेशीतल्या प्रथिने तोडणाऱ्या यंत्रात तुकडे तुकडे होते. धरणारा गेला, एआरएफ सुटले, जनुकाची नक्कल उतरू लागली. काही जनुकांच्या बाबतीत हे सारे दहा मिनिटांच्या आत उरकते.

म्हणजे इथे काही ‘लावले’ जात नाही, ‘काढले’ जाते. आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे: अडसर, दाराला आतून आडवा घालायचा दांडा. मी लिहीन, ‘अडसर निघतो आणि जनुक मोकळे होते.’ याला एक सुंदर पुरावाही आहे. सायक्लोहेक्झिमाइड हे रसायन नवी प्रथिने बनणे थांबवते. ते दिले तर ऑक्झिनला लगेच प्रतिसाद देणारी जनुके बंद पडायला हवीत, पण ऑक्झिनशिवायही ती वाचली जाऊ लागतात! ऑक्स-आयएए फार अल्पायुषी असते. जुने संपते, नवे बनत नाही, आणि अडसर आपोआप नाहीसा होतो.

जिबरेलिन या दुसऱ्या संप्रेरकाचीही हीच रीत. तिथला अडसर म्हणजे डेला प्रथिने. हरितक्रांतीतल्या बुटक्या गव्हात डेलाच्या जनुकात असा बदल आहे की जिबरेलिन आले तरी ते प्रथिन तुटत नाही. अडसर निघत नाही, म्हणून ताट आखूड राहते आणि ओंबीच्या भाराने लोळत नाही. १९९९ साली हा उलगडा झाला, आणि मला तो आजही थक्क करतो.

सायटोकायनिन या तिसऱ्या संप्रेरकाला मात्र ‘अडसर’ लावू नका. तिथे पेशीतल्या पटलात बसलेले ग्राही प्रथिन एक फॉस्फेट पुढे देते, ते हातोहात केंद्रकापर्यंत पोहोचते आणि तिथल्या प्रथिनाला कामाला लावते. त्यासाठी ‘चेतवणे’ शोभते.

आणखी एक मत

‘मोकळे’बद्दल एक शंका. मोकळी जागा, मोकळे भांडे असेही आपण म्हणतो. जनुक रिकामे झाले असे कोणी वाचले तर? ‘वाचायला मोकळे होते’ म्हणा. त्यात पुढची क्रियाही येते.

अडसर बनणाऱ्या प्रथिनाला ‘दमनक’ म्हणायचा मोह होईल. पण संस्कृतात दमनक म्हणजे दवणा, आणि वनस्पतींवरच्या लेखात तरी तो गोंधळ नको. ‘निरोधक’ पुरे.

आता संकेत आणि संदेश. संदेशाचा अर्थ त्याच्या मजकुरात असतो. कोणाच्याही हाती पडला तरी मजकूर तोच. संकेताचा अर्थ आधीच ठरलेला असावा लागतो, नाहीतर तो नुसता इशारा उरतो. ऑक्झिन खोडातल्या पेशी लांबवते, तेवढ्याच मात्रेत मुळाची वाढ रोखते, आणि कापलेल्या फांदीच्या बुडाशी नवी मुळे फुटवते. रेणू एकच, इंडोल-३-ॲसेटिक आम्ल. त्याच्यात मजकूर काहीच नाही. कुठल्या पेशीत कुठले ऑक्स-आयएए आणि कुठले एआरएफ तयार आहेत यावर पुष्कळसे ठरते. ॲराबिडोप्सिस या छोट्या रोपात पहिल्याचे २९ आणि दुसऱ्याचे २३ प्रकार आहेत. म्हणून माझा कौल निःशंकपणे ‘संकेत’ला.

‘संप्रेरक’ शब्दातही प्र आणि ईर्, म्हणजे पुढे ढकलणे, आहे. १९०५ साली प्राण्यांच्या शरीरातल्या रसांसाठी ‘हॉर्मोन’ हे नाव पुढे आले. त्यामागच्या ग्रीक धातूचा अर्थही गती देणे असाच. शब्दाने ढकलण्याचे वचन दिले आणि वनस्पतींनी बहुतेकदा अडसर काढूनच काम भागवले. शब्द रुळला आहे, बदलू नये. फक्त त्याच्या व्युत्पत्तीवरून यंत्रणा सांगायला जाऊ नये.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. वाक्य असे केले: ‘ऑक्झिनच्या संकेताने निरोधक प्रथिन मोडीत निघते, त्याचा अडसर दूर होतो आणि जनुक वाचायला मोकळे होते.’ सायटोकायनिनच्या परिच्छेदात ‘चेतवते’ घेतले. ‘चालू’ सगळीकडून काढले.

त्यावर

वाक्य छान उतरले आहे. ‘मोकळे होते’च्या आधी ‘काही काळ’ तेवढे घाला. या संकेताने जी जनुके सर्वांत आधी वाचली जातात त्यांत ऑक्स-आयएएची स्वतःची जनुकेही असतात. दार उघडताच नवा अडसर घडू लागतो.