विषय: बँकेच्या रोलमधली चांदीची नाणी – कुणाला अनुभव?

प्रेषक: मेधा (कोलंबस)

नमस्कार मंडळी,

दिवाळी कार्यक्रमाच्या मेलांमध्येच हे विचारते आहे, पण राहवत नाही. शनिवारी लाँड्रोमॅटमध्ये (नाणी टाकून कपडे धुतात तिथे) क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, मोजत होते. ईशान (वय ११) शेजारी उभा होता. त्याच्या हातून एक नाणं फरशीवर पडलं आणि त्याचा आवाज वेगळाच आला. बाकीची नाणी पडली की नुसती वाजून गप्प होतात, हे घुमत राहिलं. उचलून बघितलं तर साल १९६४. सासूबाई सध्या इथेच आहेत. त्यांनी तळहातावर घेऊन क्षणभर तोललं आणि म्हणाल्या, "अगं, ही चांदी आहे."

आता ईशानला बँकेतून रोल (कागदात गुंडाळलेली नाणी) आणून त्यांत अशी चांदीची नाणी शोधायची आहेत. लक्ष्मीपूजनाला सासूबाईंच्या राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेल्या) रुपयाशेजारी स्वतः शोधलेलं नाणं ठेवायचं असं त्याच्या मनात आहे. सुरुवात कुठून करायची? किती पैसे अडकतात? बँकेत नेमकं काय मागायचं?

मेधा

प्रेषक: अरुण (क्लीव्हलँड)

मेधा,

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. हातात घेऊन ओळखणारी माणसं आता फार राहिली नाहीत. आमच्या गावी दुकानदार रुपया दगडावर आपटून वाजवून घ्यायचे. "नाणं खणखणीत आहे" हे आपण आता माणसाबद्दल बोलतो, पण मुळात ते अशाच रुपयाबद्दलचं आहे. ईशानने जे ऐकलं ते बरोबर ऐकलं.

आधी सालं सांगतो, त्याला पाठ करायला लाव. डाइम (दहा सेंट), क्वार्टर आणि हाफ डॉलर (पन्नास सेंट) यांच्यात १९६४ पर्यंत ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं होतं. चांदीचा भाव चढत होता, टांकसाळीला नाणी पुरवता येईनात, तेव्हा जुलै १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या नाणेकायद्यावर सही केली. डाइम आणि क्वार्टरमधली चांदी गेली आणि आत तांबं, दोन्ही अंगांना तांबं-निकेलचा पातळ पत्रा असं पोळीच्या पदरांसारखं नाणं आलं. मात्र हाफ डॉलरमध्ये १९७० पर्यंत ४० टक्के चांदी ठेवली. लोक जुनी नाणी घरात ठेवून नवी खर्चू लागले, त्यामुळे चांदी बघता बघता बाजारातून उठली. तुझं १९६४ चं क्वार्टर अब्जाहून जास्त पाडलं गेलं (तेच साल घालून १९६५ मध्येही पाडत होते), म्हणून संग्राहक त्याला वेगळी किंमत देत नाहीत. पण चांदी ती चांदी.

शोधायचं ते हाफ डॉलरमध्येच, असं माझं ठाम मत आहे. रोजच्या व्यवहारात हे नाणं कुणी वापरत नाही. त्यामुळे ते हातोहाती फिरून निवडलं गेलं नाही, खणांत आणि तिजोऱ्यांत पडून राहिलं. शिवाय १९६५ ते १९७० ची ४० टक्केवाली बऱ्याच लोकांना माहीतच नसतात. "१९६४ नंतर चांदी नाही" एवढंच ऐकलेलं असतं, म्हणून ती सुटतात. क्वार्टर आणि डाइम यंत्रांतून इतके फिरलेत की पेटीच्या पेटी कोरी जाते.

एका रोलमध्ये २० हाफ, म्हणजे १० डॉलर. पूर्ण पेटीत ५० रोल, ५०० डॉलर, १००० नाणी आणि वजन सव्वाअकरा किलोच्या वर, तेव्हा ईशानला एकट्याला उचलू देऊ नकोस. पैसे अडकतात पण बुडत नाहीत, कारण उरलेली नाणी दर्शनी किमतीला परत भरता येतात. पेटी मागवावी लागते, काही शाखा त्याचं शुल्क घेतात, आधी विचार. मी सुरुवातीला पेटी मागवायचोच नाही. काउंटरवर जाऊन "खणात हाफ डॉलर पडलेत का?" एवढंच विचारायचो. कुणीतरी घरून आणून भरलेले, हाताने गुंडाळलेले रोल तिथे असतात, आणि ते यंत्रात गुंडाळलेल्या रोलपेक्षा मला कायम लाभले.

बघायची पद्धत अशी. रोल फोडून वीसही नाणी आडवी, एकमेकांना चिकटवून धर आणि कडा बघ. नव्या नाण्याच्या दातेरी कडेवर तांब्याची तपकिरी रेघ दिसते. ९० टक्केवाल्याची कड पांढरीशुभ्र. ४० टक्केवाल्याची कड फसवते. ती राखाडी असते, तपकिरीची पुसट छटाही दिसते, म्हणून शंका आली की साल वाचायचंच. वजनकाटा असेल तर उत्तम: ९० टक्के १२.५ ग्रॅम, ४० टक्के ११.५, बिनचांदीचं ११.३४. तुमच्या क्वार्टरचं वजनही करून बघा, ६.२५ च्या जवळ यायला हवं, नवं ५.६७ असतं.

सासूबाईंना हे आवडेल. १९६४ च्या हाफ डॉलरमध्ये निव्वळ चांदी ११.२५ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा भरायला थोडीशीच कमी. आणि त्यांचा राणीछाप रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. आपल्याकडेही हेच घडलं. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, आणि युद्धानंतर गेलीच.

आणखी एक. ज्या शाखेतून नाणी आणलीस तिथेच ती परत भरू नकोस. सुटी नाणी परत पाठवण्याचा व्याप त्यांच्याच गळ्यात पडतो आणि पुढच्या वेळी ते नाही म्हणतात. घेण्याची शाखा वेगळी, भरण्याची वेगळी.

अरुण

प्रेषक: मेधा (कोलंबस)

अरुणकाका,

तुमचा मेल छापून फ्रिजवर लावला आहे. दोन आठवड्यांचा वृत्तान्त सांगते.

पहिल्या शाखेत काउंटरवरच्या बाईंनी "हे फक्त दुकानदारांच्या खात्यांना देतो" म्हणून परत पाठवलं. ईशानचं तोंड एवढंसं झालं. मग तुमचं न ऐकता मी दुसरीकडून क्वार्टरची पेटी मागवली, मुलाला निदान काहीतरी उघडायला मिळावं म्हणून. दोन हजार नाणी, दोन संध्याकाळी, बोटं काळी, आणि चांदी शून्य. तो रडला नाही, पण शेवटचे दहा रोल त्याने फार हळू फोडले.

परवा तिसऱ्या शाखेत तुम्ही सांगितलं तेच वाक्य त्याला बोलायला लावलं. तिथल्या काकांनी खालचा खण उघडून पाच रोल काढले. तपकिरी कागद, कडेला पेन्सिलने बारीक अक्षरात '१०' लिहिलेलं. गाडीत बसल्या बसल्या फोडले. चौथ्या रोलमध्ये कडांच्या ओळीत मधोमध एक पांढरी रेघ दिसली. ते १९६४. शेजारी दोन १९६७ आणि एक १९६९. सासूबाईंनी १९६४ वालं दुसऱ्या नाण्यावर हलकेच वाजवलं, मान हलवली आणि ईशानच्या हातात दिलं.

ईशानचा प्रश्न: १९६९ वर 'डी' आहे, १९६७ वर काहीच नाही. ते खोटं आहे का?

मेधा

प्रेषक: स्नेहल (डेटन)

मेधा, हे मराठी शाळेत करू या का? मी पाच-पाच सेंटच्या निकेलचे रोल आणते, दोन डॉलरना ४० नाणी. मुलांना सालं मराठीत मोठ्याने वाचायला लावू. "एकोणीसशे एकोणसत्तर" म्हणताना आमच्या वर्गातली निम्मी मुलं अडतात. पण निकेलमध्ये चांदी असते का, अरुणकाका?

प्रेषक: अरुण (क्लीव्हलँड)

ईशान, नाणं अगदी खरं आहे. 'डी' म्हणजे डेन्व्हरची टांकसाळ. १९६५ ते १९६७ या तीन वर्षांत टांकसाळीचं अक्षर मुद्दाम कुठल्याच नाण्यावर घातलं नाही. नाण्यांची टंचाई होती, आणि संग्राहकांनी अक्षरं बघून ती साठवू नयेत असा हेतू होता. तू बारकाईने बघितलंस म्हणून तुला प्रश्न पडला. असंच बघत राहा.

स्नेहल, फारच छान कल्पना. असते, पण फक्त युद्धकाळातल्या. १९४२ मध्येच निकेल धातू युद्धासाठी हवा म्हणून नाण्यातून काढला आणि १९४५ पर्यंत ३५ टक्के चांदी, ५६ टक्के तांबं, ९ टक्के मँगनीज असं मिश्रण वापरलं. मागच्या बाजूला इमारतीचं चित्र आहे, तिच्या घुमटाच्या डोक्यावर मोठं 'पी', 'डी' किंवा 'एस' अक्षर असतं. मुलांना एवढी एकच खूण सांग, लगेच सापडेल. १९४२ ची दोन्ही प्रकारची आहेत, त्यामुळे त्या सालाला अक्षर बघूनच ठरवायचं. ही नाणी जुनी झाली की काळपट, तेलकट दिसतात, म्हणून मुलं खराब समजून बाजूला टाकतील, तेवढं लक्ष ठेव.

मेधा, आता कळकळीने सांगतो. लक्ष्मीपूजनाआधी देवांची भांडी घासताना ही नाणी त्यांत जाऊ देऊ नकोस. चिंच, रांगोळी, लिंबू, टूथपेस्ट काहीही नको. १९६४ च्या हाफचं एक वेळ फारसं नुकसान नाही, पण राणीछाप रुपया घासलास तर राणीच्या केसांच्या बटा आणि मुकुटाची नक्षी झिजते आणि ती पुन्हा येत नाही. चांदीवर चढलेली काळसर झाक हे त्याचं वय आहे. साधं पाणी, मऊ सुती कापडाने टिपणं, बस्स. कुंकू-हळदही नाण्याला थेट न लावता खालच्या पानाला लावा.

अरुण

प्रेषक: मेधा (कोलंबस)

काका, वेळेवर सांगितलंत. चिंच भिजत घातलेलीच होती. मेल सासूबाईंना वाचून दाखवला. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "माझ्या आईने हा कधी घासला नाही. मीच दरवर्षी घासत आले." रुपया भिंगाखाली धरला तर केसांच्या जागी आता गुळगुळीत आहे, मुकुटावरची नक्षी मात्र अजून लागते हाताला. यंदा तो नुसत्या पाण्याने धुतला आणि ईशानच्या हाफ डॉलरसोबत विड्याच्या पानावर ठेवला.

स्नेहल, रविवारी आम्ही वजनकाटा घेऊन येतो. निकेलचे दहा रोल माझ्याकडून.

मेधा